मळ्यात नव्यानं राहायला आलात? आगीचा बंब येईपर्यंतची तयारी आधी करून ठेवा

मार्चमधली दुपार होती. जेवणं उरकून मी भांडी घासायला बसले होते आणि वाऱ्यावर करपल्याचा वास आला. कुणीतरी बांध पेटवला असेल म्हणून लक्ष दिलं नाही. मग तडतड ऐकू आली. ऊस पेटला की कांड्या फुटतात. लांबून ऐकलं तर वरातीत फटाक्यांची माळ लावल्यासारखं वाटतं. सासरे सोप्यातून उठले आणि चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "फड पेटलाय. ब्लोअरमधी पाणी हाय का?"

फड म्हणजे उभ्या उसाचं रान, आणि ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचा फवारणीचा पंप. बंबाचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. बंब आला, पण चाळीस मिनिटांनी. फाट्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडीनं उभ्या होत्या, तिथं आणखी दहा मिनिटं गेली. बंबावरच्या माणसांची त्यात काही चूक नव्हती. रस्ताच तेवढा होता, आणि वस्तीवर कुठून वळायचं हे सांगायला फाट्यावर आमच्यापैकी कुणीच उभं नव्हतं.

मी पुण्याहून लग्न होऊन पलूस-तासगाव पट्ट्यातल्या या मळ्यात आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. अलीकडं नोकरी सोडून शेताकडं परतलेली, रस्त्याकडेला दोन-चार गुंठे घेऊन घर बांधलेली माणसं आमच्याकडं वाढलीत. त्यांना ठिबक, कलमं, खतं यांची माहिती द्यायला शंभर जण असतात. आगीचं कुणी सांगत नाही. इथं आग लागली तर पहिला अर्धा तास तुमचा आणि शेजाऱ्यांचा असतो, असं धरूनच पुढचं सगळं लिहिलंय.

पहिल्या आठवड्यात: घराभोवती एक फेरी

ही फेरी सकाळी मारू नका. उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास मारा, कारण वारा तेव्हाच अंगात येतो. घर, गोठा, गंजी, गोदाम, विजेच्या तारा आणि शेजाऱ्याचा ऊस यांचा एका कागदावर वेडावाकडा नकाशा काढा. वारा कुठून कुठं जातो याचा बाण त्यावर काढा. बाणाच्या वाटेवर काय काय येतं ते बघा.

बहुतेक ठिकाणी पहिली सापडते ती वैरणीची गंजी. गोठ्यापासून दोन पावलांवर रचलेली, कारण वैरण टाकायला तेच सोयीचं. ती घरापासून आणि गोठ्यापासून निदान पन्नास-साठ फूट लांब हवी आणि तारांच्या खाली तर अजिबात नको. जागा असेल तर एका मोठ्या गंजीऐवजी दोन लहान, मध्ये मोकळी जागा ठेवून रचा. एक गेली तरी जनावरांना वर्षभर विकतचा कडबा घालायची वेळ येत नाही.

गंजी बाहेरच्या ठिणगीनंच पेटते असंही नाही. ओलसर कडबा, अर्धवट वाळलेलं गवत, पावसात भिजलेलं सोयाबीनचं भुसकट दाबून रचलं की ते आतून तापतं. सकाळी गंजीवरून वाफ निघताना दिसली, आंबूस-करपट वास आला तर लोखंडी पहार आत खुपसून ठेवा आणि पंधरा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल इतकी तापली असेल तर आधी चार माणसं आणि पाणी जमवा, मगच गंजी फोडा. आतल्या धगीला एकदम वारा लागला की ती तुमच्या हातातच भडकते.

दुसरी जागा गोदाम. द्राक्षवाल्यांनी हे जरा नीट वाचावं. भुरी रोगासाठी आणलेलं, नाहीतर बेदाण्याच्या धुरीसाठीचं गंधक, त्याच खोलीत १३-०-४५ च्या पिशव्या आणि कोपऱ्यात डिझेलचा कॅन असं दृश्य मी कितीतरी घरांत बघितलंय. १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या भाषेत सोरा. सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र केले की तोफेची दारू होते. आपण खत म्हणून आणतो म्हणून त्याचा गुण बदलत नाही. तो स्वतः जळत नाही, पण शेजारच्या जळणाऱ्या वस्तूला प्राणवायू पुरवतो. गंधक एका खोलीत, खत दुसऱ्या खोलीत, डिझेल तिसरीकडं. खोल्या कमी असतील तर डिझेल बाहेर पत्र्याच्या आडोशाला गेलं तरी चालेल. आणि गंधक पेटलंच तर त्या धुरात शिरू नका, छातीला बसतो तो.

तिसरं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पात. तोड झाल्यावर पाचट रानातच ठेवावं या मताची मी आहे. पेटवून दिलं की जमिनीचा कस जातो आणि शेजाऱ्याच्या उसाला धोका होतो तो वेगळाच. पण वाळलेल्या पाचटाचं रान म्हणजे आगीला अंथरलेली सतरंजी, हेही खरं. म्हणून पाचट कुट्टी करून सरीत दाबा, आणि बांधाकडेनं चारी बाजूंनी दहा फुटांचा पट्टा रोटर (रोटाव्हेटर) मारून काळा ठेवा. शेजाऱ्यानं त्याच्या बाजूला तेवढाच ठेवला तर वीस फूट होतात. बांधावरनं भांडण चालू असलं तरी एवढ्यापुरतं बोलून घ्या.

संक्रांतीच्या आत: तारा, डीपी आणि पेटी

आमच्या भागात उसाला लागणाऱ्या आगींत तारांची ठिणगी हे नेहमीचं कारण. उन्हात तार तापते, सैल पडते, तिला झोळ येतो. वारा सुटला की दोन तारा एकमेकींना घासतात आणि ठिणगी खाली पाचटात पडते. वळवाच्या आधी जी वावटळ उठते तेव्हा तर हमखास. खाली उभं राहून बघा. झोळ डोळ्यांना दिसतो. एखादा खांब कललेला असतो, एखाद्या तारेवर झाडाची फांदी टेकलेली असते.

वायरमनला तोंडी सांगून थांबू नका. महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, खांबाचा नंबर लिहा, फोटो जोडा, तारा ओढून घेण्याची आणि त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये स्पेसर बसवण्याची मागणी करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. काम लगेच होईल न होईल, पण ती पोच पुढं लागते. १९१२ वर किंवा १८००-२३३-३४३५ वर तक्रार नोंदवून तिचा नंबर त्याच कागदावर लिहून ठेवा.

डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) भोवती दहा फूट गवत, पाचट, उसाची पात काही नको. मोटरच्या पेटीत ढिले पडलेले स्क्रू, जळकट वास, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली जाड तार असेल तर ती याच महिन्यात बदला. ऑटोस्विच काढून टाका. वीज आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपीवर भार येतो.

एक गोष्ट मात्र करू नका. प्रत्येक वस्तीवर वाळक्या बांबूनं डीओ (डीपीवरचा फ्यूज) पाडणारा एक हुशार असतोच. तो तुम्हाला शिकवायलाही तयार असेल. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या अशा एका हुशाराचा उजवा हात आजही नीट वळत नाही.

वीज नसताना चालणारं पाणी

नवीन माणसाला वाटतं, विहीर आहे, बोअर आहे, पाच एचपीची मोटर आहे, पाण्याला काय तोटा? पण शेतीपंपाची वीज ठरलेल्या तासांचीच. आणि तारांमुळं आग लागली असेल, किंवा बंबाला तारांखाली काम करायचं असेल, तर वीज बंदच करावी लागते. म्हणजे नेमकं हवं तेव्हा विहिरीत पाणी असून उपयोग नाही. बंबाच्या पंपालाही ते खेचता येईलच असं नाही, कारण खेचणारा पंप साधारण सात मीटरच्या खालचं पाणी उचलू शकत नाही. मार्चमध्ये आमच्या विहिरीचं पाणी त्याच्या कितीतरी खाली असतं.

म्हणून पाणी वर असलं पाहिजे आणि भरलेलं असलं पाहिजे. घरावरच्या हजार लिटरच्या टाकीला तळाशी इंचभराचा कॉक बसवा आणि त्याला गोठ्यापर्यंत पोचेल एवढा पाईप कायम जोडलेला ठेवा. ट्रॅक्टरचा टँकर असेल तर जानेवारी ते मे तो भरून, ट्रॅक्टर लागेल अशा तोंडानं उभा करा. द्राक्षवाल्याकडं ब्लोअर असतोच. पाच-सहाशे लिटरची टाकी, ट्रॅक्टरवर चालणारा पंप आणि लांब पाईपची गन, हा आमचा घरचा बंब. एचटीपी या फवारणी पंपवाल्यांचंही तेच. इंजिनवर चालतो म्हणून विजेची वाट बघावी लागत नाही. फक्त फवारणी झाली की टाकी धुऊन स्वच्छ पाण्यानं भरून ठेवायची सवय लावा. तणनाशकाची टाकी न धुता आगीवर मारलीत तर शेजाऱ्याची बाग आगीतून वाचेल आणि फवाऱ्यानं करपेल.

शेततळं असेल तर बंबाला तिथवर जाता येईल अशी वाट ठेवा, आणि काठाला गाठी मारलेला जाड दोर कायम बांधून ठेवा. तळ्यातल्या प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

घरात सहा किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक नळकांडं स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांगा, गॅसच्या वर नको. काटा हिरव्यात आहे ना हे महिन्यातून एकदा बघा. ते फार तर पंधरा-वीस सेकंद चालतं. पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडी दाबायची आणि झाडू मारल्यासारखी इकडून तिकडं फिरवायची. ज्वाळांच्या शेंड्यावर मारलंत तर सगळी पावडर फुकट. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका, गॅस बंद करून झाकण ठेवा. आणि गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, सगळी माणसं बाहेर, आणि बाहेर येऊनच १९०६ ला फोन. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून दार उघडलेलं जास्त कामाचं.

पत्ता आणि रस्ता

"बस स्टँडवरून सरळ या, कुणालाही विचारा" हा पत्ता पाहुण्याला चालतो. बंबाला चालत नाही. खालचं वाक्य तुमच्या वस्तीच्या तपशिलानं लिहून घरात मोठ्या अक्षरात चिकटवा, कारण घाबरल्यावर स्वतःचा गट नंबरही आठवत नाही:

"अमुक गाव, अमुक फाट्यावरून डावीकडं, कॅनॉलचा पूल ओलांडला की दुसरी वस्ती. उसाला आग आहे. माणूस अडकलेला नाही. वरून तारा जातात. पाणी भरायला शेततळं आहे. फाट्यावर आमचा माणूस उभा आहे."

बंब भरलेला असतो, चार-साडेचार हजार लिटर पाणी म्हणजे तेवढंच वजन. चारीवरची पाईप टाकून केलेली फरशी त्याला पेलते का, रेल्वेच्या भुयारी मार्गातून तो उंचीला जातो का, वळणावर बाभळीची फांदी आडवी येते का, हे आधी बघा. उसाची भरलेली ट्रॉली ज्या वाटेनं येते-जाते, त्या वाटेनं बंबही येईल, हा सोपा अंदाज. हंगामात मात्र त्याच ट्रॉल्या वाट अडवतात. ऊसतोड टोळीच्या मुकादमाला आणि ट्रॅक्टरवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा की चहाला थांबायचं तर रस्त्याच्या एका अंगाला.

फोन कुणाला, कुठल्या क्रमानं

आधी माणसं. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू असेल तर १८००-२७०-३६०० वर फोन लावून नाव, गाव आणि काय घडलंय ते बोलायचं. तोच आवाज परिसरातल्या नोंदणी केलेल्या मोबाईलवर कॉल म्हणून जातो. व्हॉट्सअॅपवरच्या गावाच्या ग्रुपपेक्षा हे बरं, कारण दुपारी ग्रुप कुणी बघत नाही, वाजणारा फोन मात्र उचलतात. तुमचा नंबर त्यात नोंदवलाय का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. यंत्रणा नसेल तर देवळाच्या भोंग्यावरून सांगायची सोय असते. पुजाऱ्याचा नंबर घेऊन ठेवा.

मग बंब. १०१ आणि ११२ आहेतच, पण गाड्या असतात त्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडं, तालुक्याच्या गावच्या नगरपालिकांकडं, काही साखर कारखान्यांकडं आणि औद्योगिक वसाहतींत. तुमच्या तिन्ही बाजूंचे थेट नंबर शोधून फोनमध्ये 'बंब' याच शब्दानं सेव्ह करा. आमच्याकडं कारखान्याचा बंब नगरपालिकेच्या आधी पोचल्याचं दोनदा बघितलंय. दोघांनाही फोन करा. एक परत पाठवायला लागला तरी कुणी रागावत नाही.

मग वायरमन किंवा सबस्टेशन. फिडर (आपल्या भागाची वीजवाहिनी) बंद करायला सांगा, आणि "बंद केलाय" हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तारांखाली पाणी मारू नका. माणूस भाजला असेल तर १०८ चा फोन सगळ्यांच्या आधी.

फड पेटला तर

हे मी जरा सविस्तर सांगते, कारण नवीन माणूस इथंच चुकतो. धावत जाऊन थेट आगीसमोर उभा राहतो.

थांबा आणि मूठभर माती हवेत सोडा. वारा कुठं जातोय ते कळलं की आग कुठं जाणार ते कळतं. वारा आग जिकडं ढकलतोय त्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही.

लगेच माणसं मोजा. घरातली पोरं, म्हातारी माणसं, रानात वैरणीला गेलेली बाई. तोड चालू असेल तर टोळीची सगळी माणसं आणि विशेषतः त्यांची लहान मुलं. आई तोडत असते आणि लेकरू बांधावर किंवा फडाच्या सावलीत झोळीत झोपलेलं असतं. मुकादमाला नावानिशी मोजायला लावा. टोळीच्या कोप्या (झोपड्या) उसाला लागून असतील तर पाचटाच्या त्या कोप्या आधी रिकाम्या करा. सामानासाठी परत आत जाऊ देऊ नका.

सरीत शिरायचं नाही. कितीही थोडा पेटलेला दिसला तरी उभ्या उसात माणसानं जायचं नाही. आत वारा कळत नाही, धुरात दिशा कळत नाही आणि आग माणसाच्या पळण्यापेक्षा वेगानं येते. चुकून अडकलात तर आगीच्या पुढं पळत सुटण्यापेक्षा बाजूला सरका. जिथं जळून काळं झालंय तिथं जाता आलं तर सगळ्यात बरं. पूर्ण जळलेल्या रानात आगीला खायला फारसं काही उरत नाही.

आता आग अडवायची कुठं ते ठरवा. पेटलेला प्लॉट बहुधा गेलेला असतो, त्यात जीव अडकवू नका. पुढं रस्ता, चारी, तोड झालेलं स्वच्छ रान, बांध जे असेल ती रेघ धरा. त्या रेघेच्या अलीकडं-पलीकडं ट्रॅक्टरनं रोटर मारून पट्टा रुंद करा. ट्रॅक्टरवाल्याजवळ एक माणूस लक्ष ठेवायला हवा, कारण त्याला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. ब्लोअर आणि एचटीपी दोन कडांना लावा, मागून पुढं सरकत या. पाणी ज्वाळांच्या मध्यात मारू नका, न पेटलेली कड भिजवा. सहाशे लिटर पाणी मोठ्या ज्वाळेवर मारलं तर तिला कळतसुद्धा नाही. तेच पाणी कडेच्या पाचटावर मारलं तर बरीच लांब रेघ ओली होते.

गवताची बारकी आग असेल तर कडुलिंबाचा किंवा निरगुडीचा ओला डहाळा, नाहीतर भिजवलेलं बारदान घ्या. डहाळा उचलून आपटू नका, दाबून ओढा. आपटलं की ठिणग्या उडतात.

समोरून आग सोडून आगीला आग भिडवायची युक्ती जुनी माणसं करतात. तुम्ही करू नका. वारा फिरला की दोन फड जातात, आणि आत माणूस असेल तर पुढचं बोलायलाच नको.

एक काम नवीन माणसाला सहज जमतं आणि नेमकं तेच कुणी करत नाही. पाठीमागची राखण. सगळे आगीकडं तोंड करून उभे असताना उसाची पेटती पात वर उडते आणि शंभर-दोनशे फुटांवर पडते. त्या दिवशी सासऱ्यांनी मला गंजीपाशी उभं केलं होतं, हातात ओलं पोतं आणि शेजारी भरलेली बादली. मला ते बाजूला काढल्यासारखं वाटलं, जरा रागच आला. मग एक लांब पात, कडेनं लाल रेघ असलेली, घराच्या कौलांवरून तरंगत आली आणि तुळशीकट्ट्यावर उतरली. दुसरी गंजीच्या शेंड्यावर. मी पोतं टाकलं तोवर तिथं वाटीएवढं काळं भोक पडलं होतं. त्यानंतर पंधरा-वीस पाती तरी मी विझवल्या असतील. फड निम्मा गेला. गंजी राहिली.

कराड-शिराळ्याकडं उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते. आग लागली की तीही बाहेर पडते. तिला वाट द्या, मोबाईल घेऊन मागं लागू नका. पिल्लू दिसलं तर हात न लावता वनखात्याच्या १९२६ वर कळवा.

बंब आला की त्यांच्याशी एकानंच बोलायचं. माणूस अडकलाय का, वीज बंद आहे का, पाणी कुठं आहे, गाडी कुठून वळेल. चार उत्तरं द्या आणि मग ते सांगतील तसं करा. त्यांचं पाणी पाच-दहा मिनिटांत संपतं. तेवढ्यात तुमचा टँकर शेजारी येऊन उभा राहिला तर बंब भरायला परत जात नाही.

गोठा पेटला तर

जनावरं दाव्याला निरगाठीनं बांधलेली असली की संपलं. आगीत बिथरलेली म्हैस दावं ताणते आणि गाठ आणखी आवळते. सगळी दावी सुरगाठीची करा, ओढली की सुटेल अशी. गोठ्याच्या दाराला आतून-बाहेरून हाताला लागेल अशा जागी एक धारदार विळा कायम अडकवून ठेवा. तो वैरण कापायला घ्यायचा नाही, घरात सगळ्यांना बजावून ठेवा.

दाराजवळचं जनावर आधी सोडा, म्हणजे वाट मोकळी होते. डोळ्यावर टॉवेल टाकला तर घाबरलेलं जनावर चालतं. बाहेर काढून नुसतं सोडून देऊ नका. सवयीनं ते परत गोठ्यात शिरतं. वारा जिकडून येतोय त्या बाजूच्या रानात नेऊन बांधा. छपराचे वासे कडकडायला लागले की आत जायचं नाही, आतल्या जनावराची किंमत कितीही असो. हे ऐकायला कठोर आहे, पण त्या क्षणी घरातल्या कुणाला तरी मालकाचा दंड धरून ठेवावा लागतो.

माणूस भाजला तर

कपडे पेटले असतील तर पळू देऊ नका. खाली पाडा, लोळवा, वरून घोंगडी टाका. धनगरी घोंगडी लोकरीची, ती सहज पेट घेत नाही. नायलॉनची साडी किंवा सोलापुरी चादर समजून आणलेली कुठली तरी चकचकीत ब्लँकेट टाकलीत तर ती वितळून अंगाला चिकटेल.

भाजलेल्या जागेवर साधं, वाहतं पाणी वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, तूप नको. आमच्या हळदीच्या जिल्ह्यात हे सांगताना मला चुलत्या-मावश्यांची बोलणी खावी लागतात. पण लावलेलं सगळं दवाखान्यात खरवडून काढतात आणि ते भाजण्यापेक्षा जास्त दुखतं. बांगड्या, अंगठी, जोडवी सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. स्वच्छ सुती कापडानं सैल झाका. तोंड भाजलंय, आवाज बसलाय, नाकातले केस करपलेत, तर वरून बरं दिसत असलं तरी थांबू नका. आत सूज येते. १०८ ला हे शब्द सांगा आणि सांगली-मिरज किंवा कराड, जे जवळ असेल तिकडं निघा.

डोंगराकडं राहत असाल तर

शिराळा, पाटण, जावळीकडं उसापेक्षा वणव्याची भीती जास्त. फेब्रुवारीपासून गवत वाळतं. कुणी चांगलं गवत येतं म्हणून डोंगर पेटवतं, कुठं भाताचे तरवे (रोपं टाकायची जागा) भाजताना आग हातातून सुटते. ती चढाला धावते, म्हणून डोंगरावर आगीच्या वरच्या अंगाला कधीच जाऊ नका. घराभोवती गवत कापून जाळपट्टा ठेवा, तरवा भाजायचा तर पहाटे, वारा पडलेला असताना, पाणी जवळ ठेवून भाजा. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि "मी बांधच पेटवला होता" हे तिथं चालत नाही.

विझल्यावर

रात्री घरी जाऊन झोपू नका. पाचटाखाली, उसाच्या बुडख्यात, वाळलेल्या बाभळीच्या खोडात धग राहते आणि पहाटेच्या वाऱ्याला पुन्हा उठते. दोघांनी आळीपाळीनं जागायचं, दर तासाला कडेनं फेरी मारायची.

सकाळी रानात नांगर घालायच्या आधी फोटो काढा: जळालेलं रान, तारा, खांबाचा नंबर, तुटलेला तारेचा तुकडा असेल तर तोही. ठिबकच्या वितळलेल्या नळ्यांचे वेगळे, ते लोक विसरतात. पोलीस ठाण्यात आकस्मिक जळिताची नोंद करा. तलाठ्याला (कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी) बोलावून पंचनामा करून घ्या, त्यात ऊस, ठिबक, मोटर, गंजी सगळं लिहिलंय का ते वाचूनच सही करा. बंब आला असेल तर अग्निशमनचा दाखला मागा. तारांमुळं आग लागली असेल तर महावितरणकडं लेखी अर्ज आणि जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांकडून पाहणी हवी. संक्रांतीच्या आधी घेतलेली ती पोच आता बाहेर काढा. सातबाऱ्यावर त्या गटात ऊस लागलेला नसेल तर सगळं अडतं, म्हणून ई-पीक पाहणी दर हंगामाला करा.

सरकारी मदतीचा आकडा आधीच माहीत असलेला बरा. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या आपत्तीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीला ४,००० आणि गोठ्याला ३,००० रुपये होते. तीन हजारांत पत्र्याची एक बाजूही उभी राहत नाही. घराचा, गोठ्याचा, जनावरांचा विमा काढणं त्यापेक्षा शहाणपणाचं.

उसाचं मात्र त्याच दिवशी बघायचं. जळालेला ऊस उभा राहिला की वजन घटतं, साखर उतरते, दोन-तीन दिवसांत फरक पडतो. सकाळीच चिटबॉयला (कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला) गाठा आणि कारखान्याच्या गट कार्यालयात जळिताचा अर्ज द्या, अशा उसाला तोडीचा नंबर आधी मिळतो. दरात कपात किती होणार ते तिथंच विचारून घ्या. टोळी खुशाली (वरचे पैसे) मागेल, जळका ऊस तोडायला सोपा असूनही मागेल. आणि पुढच्या वर्षी कुणी "पेटवूनच तोडू की, लवकर उरकंल" असं सुचवलं तर सरळ नाही म्हणा. कपात तुमच्या बिलातून होते, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) तुमच्या जनावरांचं जातं.

आमचा उरलेला फड चौथ्या दिवशी गेला. ट्रॉली फाट्यावर वळल्यावर सासऱ्यांनी ब्लोअर विहिरीवर नेला, टाकी दोनदा खळबळून धुतली, गळ्यापर्यंत भरली आणि गंजीच्या तोंडाशी आणून लावली.